सातवी बरणी

१

आमच्या घरी सकाळी चहाच्या आधी टाक्या मोजायच्या असतात. टाक्या सहाच आहेत, त्या काही वाढत नाहीत; मोजायचे असतात त्यांचे बुडबुडे. द्राक्षाचा रस आंबायला लागला की त्यातून वायू सुटतो. प्रत्येक टाकीच्या झाकणातून एक जाड नळी खाली उतरते आणि तिचं तोंड पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत बुडवलेलं असतं. वायू पाण्यातून बाहेर पडतो, टुप. मग पुन्हा टुप. मिनिटाला किती, ते दाराजवळच्या पाटीवर खडूने लिहायचं. आकडा चढला की आंबणं जोरात आहे, हळूहळू उतरला की रसाची वाइन होत आली, एकदम थांबला की कुठेतरी घोटाळा आहे.

हे काम करणारी यंत्रं मिळतात. हितेंद्र, माझा नवरा, दर हंगामाला त्यांचं माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवतो आणि मी ते पिठाच्या डब्याखाली अंथरते. मला कानाने मोजायचं असतं, आणि त्याचं कारण वाइनशी जोडलेलं नाही. आमची ठकू जन्मली तेव्हा धुळ्याच्या एका दवाखान्यात नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. तिथल्या नर्सबाईंनी मला हातात घड्याळ देऊन पेटीशेजारी बसवलं. छाती किती वेळा वर येते ते मोजायचं, साठाच्या वर गेली तर हाक मारायची. मी नऊ दिवस मोजलं. दहाव्या दिवशी ठकूला घरी सोडलं. मोजणं थांबव, असं मला मात्र कुणी सांगितलं नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हालाही तेच वाटणार आहे जे मला वाटलं होतं. बाई दमलेली आहे. तिला ऐकू येतं.

२

पिंपळनेरच्या वर, डोंगराच्या उतारावर आमचा मळा आहे. सासऱ्यांनी, म्हणजे भाईदास नानांनी, तिथलं डाळिंब काढून टाकून द्राक्षं लावली. खाली गावात ऊन भाजत असतं तेव्हा वरच्या टप्प्यावर अंगात स्वेटर लागतो, आणि पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाला हीच थंडी हवी असते. मी मूळची जळगावची, मायक्रोबायोलॉजी शिकलेली, वर नाशिकला वाइनचा अभ्यासक्रम केलेली. गेल्या वर्षी पहिल्यांदा सगळा हंगाम माझ्या हातात दिला होता. नानांनी स्वतः आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. ते पेला नाकाशी नेतात आणि निकाल देतात.

टाकीघर आम्ही डोंगरात खोदून बांधलं आहे, गारवा राहावा म्हणून. दारातून चार पायऱ्या खाली उतरायचं. गारवा राहतो, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट राहते. बरण्यांतून निघणारा वायू हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा खाली साचतो, त्याला रंग नाही, आणि त्यात श्वास घेणारा माणूस थोड्याच वेळात खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून भिंतीत, अगदी जमिनीलगत, एक पंखा बसवला आहे. तो चोवीस तास ही हवा बाहेर फेकतो.

आणि पंखा बंद पडला तर कळावं म्हणून मी एक दिवा ठेवते. ही अक्कल नानांची. आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरायच्या आधी दोरीने कंदील सोडून बघतात. ज्योत विझली तर माणूस उतरत नाही. तशी मी एक छोटी समई शेवटच्या पायरीशी, फरशीवर ठेवायचे.

ठकू तेव्हा अडीच वर्षांची होती. दाराच्या आत तिला एकटीला बंदी. माझ्या कडेवर बसून मात्र ती रोज माझ्याबरोबर मोजायला यायची. तिला पाचपर्यंत आकडे येत. पाचच्या पुढे जे काही असेल ते 'खूप'. त्यामुळे आमच्या टाक्या होत्या एक, दोन, तीन, चार, पाच आणि खूप. मोजून झालं की ती टाकीच्या थंड स्टीलवर तोंडाने हा करून वाफ धरायची आणि बोटाने रेघ ओढायची. रेघ पुसट व्हायच्या आत आम्ही बाहेर.

३

तोडणीला सुरुवात होऊन नऊ दिवस झाले होते. सहाही टाक्यांत रस पडलेला, आंबणं ऐन जोरात. चौतीस, अडतीस, एकेचाळीस असे आकडे. मी पाटीकडे तोंड करून लिहीत होते, टाक्या पाठीमागे. आणि मला सातवा आवाज आला.

बाकीचे सहा घाईत होते. हा निवांत होता. टुप. मग पुरेशी जागा सोडून टुप. मी घड्याळ धरलं. मिनिटाला पंधरा.

पंधरा हा आकडा मी कुठेही ओळखेन. झोपलेल्या मोठ्या माणसाचा श्वास.

मी स्वतःला शहाणी बाई समजते, त्यामुळे शहाण्या बाईने करायचं ते सगळं केलं. नाली तपासली, कोरडी. नळाला हात लावून पाहिला, बंद. शीतयंत्र दोन मिनिटं थांबवलं, आवाज चालू. मग एकेका बरणीतून नळी उचलून धरली. पहिली उचलली, एक आवाज गेला. दुसरी, तिसरी. सहाव्या नळीपर्यंत पोचले तेव्हा पहिल्या पाच मी दोरीने वर बांधून ठेवल्या होत्या. सहावी उचलली. सगळं शांत व्हायला हवं होतं.

टुप.

पाचव्या टाकीच्या मागून, खालून. माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून. तिथे कोपऱ्यात भिंत आहे आणि भिंतीपुढे फरशी. बरणी नाही.

मी ठकूला पायरीवर बसवून ठेवलं होतं. नळ्या परत बरण्यांत सोडल्या आणि तिला उचलायला वळले, तर ती बोट नाचवत मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. खूप.

बोट पाचव्या टाकीच्या मागे वळलं. खाली.

खूप.

४

हितेंद्र येऊन पाच मिनिटं डोळे मिटून उभा राहिला. तो प्रामाणिक माणूस आहे, त्याने खरंच ऐकलं. त्याला सहाच ऐकू आले. मी ठकूची साक्ष काढली तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. अडीच वर्षांच्या पोरीने दोनदा खूप म्हटलं, यावर मी काय म्हणणार होते?

नाना ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "टाक्या सहाच शेतस. सातवी तू कोठेन लयनी? मोजी मोजी येडी व्हई जाशी, पोरी."

ते थट्टेत म्हणाले. पण दुपारी जेवताना हितेंद्रने विचारलं की मी रात्री किती झोपते, आणि ठकूच्या पाळण्याजवळ अजून उठून बसते का. बसत होते. खोटं बोलता आलं नाही. मग ठरलं की थोडे दिवस मोजणी तो करेल आणि मी बाहेरचं बघेन. कुणी आवाज चढवला नाही. सगळे इतकं जपून बोलत होते की त्यापेक्षा कुणी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस मी टाकीघराच्या दाराशी जाऊन फक्त ऐकायचे. पंधरा. दर वेळी पंधरा. वाईट याचं वाटायचं की तो आवाज आता मला ओळखीचा झाला होता.

सासूबाईंनी, म्हणजे पुष्पाबाईंनी, त्यांच्या पद्धतीने उपाय केला. त्यांना सगळे अक्का म्हणतात. तोडणीच्या वीस बायका त्या नुसत्या नजरेवर चालवतात. अक्का टाकीघरात आल्या, समई जमिनीवर पाहिली आणि थबकल्या. "दिवा भुईवर ठेवतस का कोनी?" म्हणाल्या. त्यांनी समई उचलून दाराजवळच्या, खांद्याच्या उंचीवरच्या कोनाड्यात, कुलदेवतेच्या तसबिरीपुढे ठेवली. ती जागा नको म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या आठवड्यात माझ्या शब्दाला वजन नव्हतं. आवाज ऐकणारी सून, तिने आता देवाचा दिवाही खाली ठेवायला सांगायचं? 

माझ्या सगळ्या काळज्यांपैकी एवढी एकच खरी होती, आणि नेमकी तीच मी गिळली.

५

तोडणीचा शेवटचा दिवस. वरच्या टप्प्यावरची शेवटची क्रेट खाली आली आणि अंगणात बायकांचा कल्ला सुरू झाला. ऊन चांगलं वर आलं होतं. मी नळावर रिकाम्या क्रेट धूत होते. सकाळची मोजणी हितेंद्रने केली होती. सगळे आकडे छान, दिवा तेवतोय, आज तर टाकीघर अगदी शांत आहे, असं त्याने सांगितलं होतं. त्या शांतपणाचा अर्थ मला तेव्हा लागायला हवा होता.

ठकू कामिनीजवळ होती. कामिनी माझी नणंद, त्या दिवशी साक्रीहून आली होती. निदान मला वाटत होतं की ठकू तिच्याजवळ आहे.

टुप.

मी पाण्याचा नळ बंद केला. अंगणात वीस बायका बोलत होत्या, ट्रॅक्टर चालू होता, टाकीघराचं दार माझ्यापासून पन्नास पावलांवर. तरी तो आवाज माझ्या अगदी शेजारी, गुडघ्याजवळ आला. टुप. टुप. टुप.

मी घड्याळ धरलंसुद्धा नाही. नऊ दिवस आणि अडीच वर्षं मोजल्यावर घड्याळ लागत नाही. पंधरा नव्हते. चाळीसच्या वर होते, आणि चढत होते.

साठाच्या वर गेली तर हाक मार.

मी हाक मारली. कामिनी स्वयंपाकघराच्या दारात आली, हात पिठाने भरलेले. म्हणाली, "ठकू तर तुझ्याकडे आली ना, वहिनी?"

६

टाकीघराचं दार लोटलेलं होतं, मुलाच्या अंगाएवढी फट.

मी दारातून पाहिलं तेव्हा पहिलं काय जाणवलं असेल तर शांतता. सहा बरण्या ऐकू येत होत्या, पण त्यांच्या खाली जी घरघर नेहमी असते ती नव्हती. पंखा बंद होता. कोनाड्यात समई सुरेख तेवत होती.

आणि ठकू शिडीवर होती. पाचव्या टाकीला टेकवलेली लोखंडी शिडी, तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, माझ्या डोक्याहून उंच. पाय हलवत बसली होती आणि स्टीलवर हा करून रेघा ओढत होती. माझ्याकडे बघून हसली.

मी दम धरला आणि उतरले. मान ताठ, हनुवटी वर, पाण्यातून चालावं तशी. तिला उचललं, खांद्यावर टाकलं. तिने माझ्या केसांत तोंड खुपसलं. वळताना माझी नजर खाली गेली.

पाचव्या टाकीच्या स्टीलवर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, वाफेचा एक गोल होता. बशीएवढा. मी पाहत असताना तो विरत गेला. स्टील लख्ख झालं. मग त्याच जागी पुन्हा उमटला, मधून बाहेर पसरत. तिथे त्या वेळी मेणबत्तीदेखील जळली नसती. तिथे कुणी नव्हतं. वाफ विरली, पुन्हा धरली. टुप, आणि टुप. आवाज आता उतरत होता. तीस. बावीस. दमलेल्या माणसाला धाप लागून मग ती बसावी तसा.

पायऱ्या चढून बाहेर आले तेव्हा पंधरा झाले होते.

७

अंगणात सगळे जमले. ठकूला श्वास लागला नव्हता, रंग उत्तम होता, तिला फक्त भूक लागली होती. मी तिचे श्वास मोजले. चोवीस. पुन्हा मोजले. मग तिला कामिनीच्या हातात दिलं, दारात गेले, हात लांबवून कोनाड्यातली समई उचलली, आणि शेवटच्या पायरीवर उभी राहून ती हळूहळू खाली नेऊ लागले.

माझ्या कमरेच्या थोडं खाली ज्योत आखडली, निळी झाली, आणि मिटली. धुराची रेघ उठली ती आडवीच पसरून राहिली, एखाद्या पाण्याच्या पृष्ठभागावर पसरावी तशी. सगळ्यांनी पाहिलं तिथपर्यंत काय भरलं होतं ते. नानांनी काडेपेटी पुढे केली. मी पुन्हा पेटवून पुन्हा खाली नेली. पुन्हा तिथेच.

ठकूची उंची त्या रेषेच्या खाली होती. हे कुणाला मोजून दाखवावं लागलं नाही.

अक्का पुढे आल्या. आदल्या संध्याकाळी दिवा लावताना पंख्याच्या वाऱ्याने ज्योत फडफडत होती, विझली असती तर अपशकुन, म्हणून पंख्याचं बटण आपणच बंद केलं, हे त्यांनी वीस बायकांसमोर सांगितलं.   त्यांनी माझ्या हातातली समई घेतली. पंखा लावून, तासाभराने ज्योत तळापर्यंत टिकते हे पाहिल्यावर, त्या स्वतः खाली उतरल्या. शेवटच्या पायरीशी फरशीवर मूठभर तांदूळ पसरले आणि त्यावर समई ठेवली.

"आते भुईवर नही," म्हणाल्या. "आठेच ऱ्हाऊ दे. तू सांगशी तठे."

शिडीचं कोडं सुटलं नाही. ती भिंतीच्या आकड्याला टांगलेली असते. हितेंद्रने सकाळी खाली काढली होती की नाही, हे त्याला शपथेवर आठवत नाही. तिच्या पहिल्या दोन पायऱ्यांमधलं अंतर ठकूच्या छातीएवढं आहे. मुलं चढतात कुठेही, असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हणाले. रात्री भरवताना मी ठकूला विचारलं, तुला वर कुणी ठेवलं? तिने घास गिळला आणि नेहमीच्या सुरात सांगितलं.

"खूपनं."

८

ती वाइन जशी व्हायला हवी होती तशी झाली. ऑगस्टमध्ये पहिली बाटली उघडली तेव्हा नानांनी पेला नाकाशी धरला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. मग म्हणाले की पिकल्या कवठाचा वास आहे, आणि वरच्या टप्प्यावर सकाळी उभं राहिलं की येतो तो गारवा आहे. पेला त्यांनी मला परत दिला आणि नवीन पाटी आणायला हितेंद्रला खाली पिंपळनेरला पाठवलं. जुन्या पाटीवर सहा चौकोन होते. नव्या पाटीवर सात आखून आणायला सांगितले होते. थट्टा आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तू मोज."

टाकीघराला आता काचेचं सरकतं दार आहे, खालपर्यंत काच, आत कोण आहे ते अंगणातून दिसावं म्हणून. समई तांदळावर. पंख्याला स्वतंत्र तार. आणि मोजणी माझीच. यंदा ठकूला दहापर्यंत येतं. ती सातपर्यंत मोजते आणि थांबते. सातव्या चौकोनात मी रोज पंधरा लिहिते. भीती गेली असं नाही. पाचव्या टाकीकडे मी अजून पाठ करून उभी राहत नाही. पण ज्या दिवशी पंधरा असतात त्या दिवशी मी चहा चवीने पिते.

परवा सकाळी आत सहा माणसं होती. हितेंद्र आणि तिघे गडी गाळ काढत होते, नाना बघत होते, मी पाटीशी. खडू टेकवला आणि माझा हात थांबला.

अठरा. पुन्हा मोजले, सव्वीस.

पंखा चालू होता. समई तेवत होती. एकही कारण नव्हतं. वर्षापूर्वीची मी असते तर आधी नाली तपासली असती.

मी म्हणाले, "सगळे बाहेर."

एवढंच. आवाज चढवला नाही. हितेंद्रने हातातली नळी जिथल्या तिथे सोडली. नानांनी चपला घातल्यासुद्धा नाहीत, हातात घेतल्या, आणि गड्यांना म्हणाले, "बठ्ठा बाहेर. तिनी सांगं ना?" कुणी का विचारलं नाही. मी शेवटी निघाले आणि दार सरकवलं. उन्हात उभी राहून बाहेर आलेली पाचही डोकी मोजली. अक्का आणि त्यांच्या कडेवर ठकू, सात.

आम्ही काचेतून बघत राहिलो. थोड्या वेळाने पंख्याची घरघर अडखळली आणि बंद पडली. नंतर कळलं, मोटर जळाली होती. तिसऱ्या टाकीच्या बुडाची झडप गाळाच्या दाबाने सैल झाली होती, ती त्याच सुमारास सुटली आणि फेसाळता रस फरशीवर लोटला, वायूसकट. समईची ज्योत एकदा उसळली आणि गेली. आतले चार जण तेव्हा त्या झडपेशी ओणवे बसलेले असते.

नाना माझ्याकडे बघत होते. हितेंद्रने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याचा तळवा घामाने ओला होता. अक्कांनी ठकूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, इतकंच, की आज शिरा करते.

सगळे बोलायला लागले. मी काचेजवळ गेले. रस वाया गेला होता, एक टाकी तरी नक्की. माझी सगळी माणसं माझ्या पाठीमागे उन्हात उभी होती, आणि मला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना.

काचेच्या खालच्या भागात, आतल्या बाजूने, वाफेचा एक गोल धरला. विरला. पुन्हा धरला. हळू, दमलेला. पंधरा.

मी गुडघ्यांवर बसले. माझं तोंड त्या गोलासमोर आणलं, मध्ये फक्त काच. बाहेरून हा केलं, आणि बोटाने त्यात एक रेघ ओढली.

रेघ पुसट व्हायच्या आत, आतून, तिच्याशेजारी दुसरी ओढली गेली.